एकोणीस तोंडांची चिप

माझा स्वभाव चांगला नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नगरच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात मी सत्तावीस वर्षं शिकवतो आहे आणि एवढ्या काळात माझ्याकडे पीएच.डी.ला तीनच विद्यार्थी आले. पहिल्या दोघांना मी पळवून लावलं असं आमच्या विभागात बोललं जातं, आणि त्यात फारसं खोटं नाही. तिसरी ही मुलगी. ती पळाली नाही. तिला मी कसं घालवलं हे मात्र विभागात कुणालाच माहीत नाही, म्हणून लिहायला बसलो आहे.

ती नेवासा तालुक्यातली, घोडेगावच्या पुढच्या एका गावातली. घरी कांदा, ऊस, चार म्हशी. पहिल्या दिवशी मी तिला मुद्दाम तुसडेपणानं विचारलं होतं, की बारीक काम जमतं का, की नुसतीच मार्कं आहेत. माझ्या टेबलावर सूक्ष्मदर्शकाखाली एक जोडणी अर्धवट पडली होती. केसाहून बारीक सोन्याची तार चिमट्यानं उचलून एका ठिपक्यावर टेकवायची होती. मी सकाळपासून तिच्याशी झटत होतो आणि तीन तारा वाया घालवल्या होत्या. तिनं विचारलं, मी बघू का. बसली, श्वास रोखला, आणि पहिल्या खेपेला तार जागच्या जागी. मी 'ठीक आहे' एवढंच म्हणालो. मनातून मात्र चाट पडलो होतो. असा हात मी आयुष्यात दुसरा पाहिला नाही.

आमचं काम थोडक्यात सांगतो. दम्याचं वगैरे औषध श्वासातून घ्यायचं तर त्याचे थेंब एका मापाचे असावे लागतात. मोठा थेंब घशातच अडकतो, फार बारीक असला तर श्वासाबरोबर परत बाहेर येतो. असे सारखे थेंब पाडायची एक रीत आहे. बारीक नळीच्या तोंडाशी द्रव आणायचा आणि त्याला काही हजार व्होल्टचा दाब द्यायचा. विजेच्या ओढीनं तोंडाशी आलेला थेंब ताणला जातो, शंकूसारखा टोकदार होतो, आणि त्या टोकातून एक अतिशय बारीक धार सुटते. ती धार पुढे तुटते आणि सारख्या मापाचे थेंब पडत राहतात. प्रश्न एवढाच, की एका नळीतून औषध फार कमी निघतं. म्हणून सिलिकॉनच्या नखाएवढ्या चिपवर अशी पुष्कळ तोंडं कोरायची. आमच्या चिपवर एकोणीस होती. मधे एक, भोवती सहा, त्यांच्याभोवती बारा. प्रत्येकाचं भोक केसाच्या तिसऱ्या हिश्शाएवढं.

एकोणीस तोंडांना सारखा द्रव पोचवणं ही खरी डोकेदुखी. एकाला जास्त गेला की दुसरं कोरडं पडतं आणि थेंब लहानमोठे होतात. यावर उपाय तिनंच काढला. प्रत्येक तोंडामागे चिपच्या आतच एक लांब, अरुंद, वळणावळणाची वाट कोरायची, म्हणजे द्रवाला जो काही अडथळा व्हायचा तो त्या वाटेतच होईल आणि पुढच्या तोंडांतल्या बारीकसारीक फरकानं काही बिघडणार नाही. कल्पना तिची, आकडेमोड तिची, नकाशे तिचे. मी फक्त खुसपटं काढत होतो.

एकदा तिचे वडील आले होते. गुरांच्या बाजारात म्हशीकडे लांबून बघून दूध सांगणारा माणूस. त्यांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि बराच वेळ काढला नाही. मग म्हणाले, "एवढ्याशातनं पानी जातंय व्हय? आमच्या फवारणी पंपाचं नोझल लई मोठं, तरी तुंबतंय. तोंडानं फुंकलं की हुतं मोकळं." लेक हसून म्हणाली, "दादा, इथं फुंकायचं नसतं." त्यांनी मला हात जोडले आणि एवढंच सांगितलं, की पोरीचं पुरं होऊ द्या, आमच्या अख्ख्या भावकीत कुणी डॉक्टर नाही, औषधाची नाही न् पुस्तकाचीबी नाही. मी नेहमीसारखं तुटक काहीतरी बोललो असेन.

पुरं होणं सोपं नव्हतं. चिप कोरण्याची यंत्रं आमच्याकडे नाहीत. ती दूरच्या मोठ्या शहरातल्या एका सरकारी केंद्रात, आणि तिथं नंबर लागायला आठ-आठ महिने. ती स्वतः जाऊन आठवडाभर राहायची, पायरीपायरीनं चिप करून घ्यायची. आमच्याकडे अॅल्युमिनियमच्या चौकटींना पडदे लावून केलेली एक खोली होती, तिच्यावर 'क्लीन रूम' अशी पाटी होती. गळीत हंगामात उसाच्या चिपाडाची काळी राख त्या खोलीतही सापडायची. पहिल्या खेपेच्या चिप कोरतानाच फुटल्या. दुसऱ्या खेपेला वाटा जास्तच अरुंद झाल्या, द्रव पुढे सरकेना. तोवर तिच्या नोंदणीची मुदत संपत आली होती. वाढवून मिळायची तेवढी मिळून झाली होती. मार्चपर्यंत चालणारी चिप आणि तिचं मोजमाप हातात आलं तर प्रबंध, नाहीतर पाच वर्षं पाण्यात. तिसरी खेप ही शेवटची, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

ती चिप घेऊन आली तेव्हा नवरात्र चालू होतं. डबीत आठ चिप, पांढऱ्या जाळीत नीट बसवलेल्या. शेवटचं धुणं आणि डबीत भरणं तिनं स्वतःच्या हातानं केलं होतं. घरी घट बसलेले, आईचा उपास, तिला दोन-तीन दिवस जाणं भाग होतं. डबी कपाटात ठेवताना ती माझ्याकडे वळून म्हणाली, "सर, मी आल्याशिवाय डबी उघडायची नाही." तिच्या तोंडून मला मिळालेली ही पहिली आणि शेवटची ताकीद. मी हो म्हणालो.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारं-अवजारं पुजतात. औद्योगिक वसाहतीत तर त्या दिवशी लेथ मशीनपासून टेम्पोपर्यंत सगळ्यांना झेंडूच्या माळा. आमच्या कॉलेजातही वर्कशॉपचे मिस्त्री ताट घेऊन प्रत्येक प्रयोगशाळेत फिरतात. हळद, कुंकू, अक्षता, फुलं. मी त्यांना दर वर्षी दारातूनच परत पाठवायचो. नुसतं पाठवायचो नाही, वर पोरांसमोर दहा मिनिटं ऐकवायचो, की यंत्राला कुंकू लावून ते चालत नसतं, तेल घालून चालतं. माझी ही टकळी कॉलेजभर प्रसिद्ध होती. त्यामुळे त्या वर्षी मिस्त्रींनी दार वाजवलंच नाही. ताट बाहेरच्या स्टुलावर ठेवून ते शेजारच्या खोलीत फुलं बांधायला गेले.

मी दारात उभा राहून त्या ताटाकडे बघत होतो. आत कपाटात ती डबी. मला भीती वाटत होती, हे सरळ सांगतो. दोन खेपा गेल्या होत्या, आणि तिसरीही जाईल असं मला आतून वाटत होतं. कॉरिडॉरमध्ये कुणी नव्हतं. मी चिमूटभर हळद आणि कुंकू उचललं, आत आलो, कपाट उघडलं आणि डबीच्या झाकणावर दोन बोटं टेकवली. एक पिवळं, एक लाल. माझी आई वडिलांच्या टाकदौतीला लावायची तसं. तेवढ्यावर थांबलो असतो तर काही बिघडलं नसतं. पण वाटलं, एकदा बघू तरी. मी झाकण उघडलं.

ते झाकण प्लॅस्टिकचं होतं. उघडताना घासलं गेलं की त्याच्यावर विद्युतभार येतो, आणि भार आला की ते भुकटी ओढतं, मग झटकतं. ही गोष्ट मी दर वर्षी दुसऱ्या वर्षाच्या मुलांना फुगा घासून दाखवतो. आयुष्यभर हेच शिकवत आलेल्या माणसाच्या हातून, त्याच्याच डोळ्यांसमोर, ती पिवळी-लाल भुकटी झाकणावरून आणि बोटांवरून उडाली आणि आठही चिपांवर बसली.

पुढच्या तासाभरात मी जे केलं ते मूर्खपणाचंच होतं. आधी रबरी फुग्यानं हवा मारली, त्यानं निम्मी भुकटी भोकांत गेली. मग अल्कोहोलनं धुतलं, त्यानं उरलेलीही आत ओढली गेली. वरून मात्र चिप लखलखीत दिसायला लागल्या. झाकण पुसलं, डबी बंद केली, कपाटात होती तशी ठेवली. मिस्त्री ताट न्यायला आले तेव्हा मी खुर्चीत बसलो होतो. त्यांनी विचारलं, सर, बरं वाटत नाही का. मी त्यांच्यावर खेकसलो.

दसऱ्यानंतर ती आली. आल्याबरोबर, हातातली पिशवी खाली न ठेवता, तिनं मला सोनं दिलं आणि डबी काढली. त्या आठवड्यात मी तिला काम करताना बघत होतो आणि देवाचं नाव घेत होतो, म्हणजे माझी काय दशा असेल बघा. पहिल्या चिपवर एकोणीसपैकी अकरा तोंडं उठली, म्हणजे तेवढ्यांवरच शंकू उभे राहिले. दुसरीवर सात. तिसरीवर पाच आणि तीही थांबून थांबून. बंद पडलेल्यांचा द्रव शेजारच्या तोंडांवर येऊन पसरायचा, ठिणगी पडायची. थेंब लहान, मोठे, कसेही. ती दर वेळी जोडणी सोडायची, पुन्हा करायची. मग तिनं एक चिप तिरकी धरून सूक्ष्मदर्शकाखाली घातली आणि मला बोलावलं.

"सर, भोकात आत काहीतरी तांबूस दिसतंय."

मी डोळा लावला. दिसत होतं. चिप कोरताना तिच्यावर एक लेप देतात, प्रकाशानं नक्षी उठवायला. तोही तांबूसच असतो आणि शेवटी तो पूर्ण धुऊन काढावा लागतो. मला हे सुचायला दोन सेकंदसुद्धा लागले नाहीत. मी म्हणालो, "लेप राहिलाय. शेवटचं धुणं कुणी केलं होतं?"

ती म्हणाली, "मीच."

एवढंच. यात मी खोटं असं एकच वाक्य बोललो, आणि ते तिला पुरलं. तिनं मान खाली घातली आणि स्वतःचे हात टेबलाखाली घेतले. मी तेव्हाच बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. पण डोळ्यांसमोर विभागातली माणसं आली, चहाच्या टपरीवर हसणारी. सर कुंकू लावायला गेले आणि चिपा बुजवून बसले. माझी जीभ रेटेना.

थंडीभर ती त्या चिप वाचवायला धडपडत राहिली. नाना द्रावणं करून पाहिली. लेप असता तर निघाला असता, पण हे हळदीचं पीठ आणि कुंकवातला चुना, ते कसं निघावं. तापवून बघताना दोन चिप तडकल्या. केंद्राकडे परत पाठवायचं म्हटलं तर पुढचा नंबर मुदतीनंतरचा. प्रगती समितीसमोर तिनं स्वतःहून सांगितलं, की शेवटच्या धुण्यात माझ्याकडून निष्काळजीपणा झाला. समितीतला एकजण म्हणाला, खेड्यातून येतात, हाताला सवय नसते अशा कामाची. मी मार्गदर्शक म्हणून तिच्या शेजारी बसलो होतो. मी टेबलावरच्या पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडत आणि बंद करत होतो.

मार्च गेला. तिनं खोलीची किल्ली आणून दिली, वह्या लावून ठेवल्या, मिस्त्रींना भेटून आली. माझ्या पाया पडली. मी पाय मागे घेतले, तर तिला वाटलं मी रागावलो आहे. "सर, तुमची पण वर्षं गेली माझ्यामुळं," असं म्हणाली आणि घोडेगावची एसटी धरायला निघाली. मी तिला फाटकापर्यंतसुद्धा सोडायला गेलो नाही.

पावसाळ्यात त्या केंद्राकडून एक छोटं पाकीट आलं. प्रत्येक खेपेतली एक चिप ते नमुना म्हणून ठेवून घेतात, काम संपलं की परत करतात; हे आम्हाला ठाऊक नव्हतं. त्याच खेपेतली, तिनंच धुतलेली नववी चिप. ती माझ्या हातात कधी आली नव्हती. मी ती घेऊन क्लीन रूममध्ये गेलो. जोडणी करायला मला दोन दिवस लागले, तिला अर्धा तास लागला असता. तिसऱ्या दिवशी दुपारी पंप चालू केला, विजेचा दाब वाढवत नेला, आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावर मधलं तोंड उठलं, मग सहा, मग भोवतीची बारा. एकोणीस शंकू स्थिर उभे. मी लेझरनं थेंब मोजले. पुन्हा मोजले. इतके सारखे थेंब पाडणारं काही मी आमच्या कॉलेजात काय, कुठंही पाहिलं नव्हतं. मी पंप बंद केला नाही. द्रव संपेपर्यंत बघत बसलो आणि रडलो.

त्यानंतरही मी तिला कळवलं नाही. फोन नंबर होता. तिचं गाव केडगावच्या माझ्या घरापासून फार तर दीड तासावर. सुरुवातीला म्हणायचो, पुढच्या आठवड्यात. मग म्हणायला लागलो, आता सांगून काय उपयोग, तिला उगीच त्रास. माणूस स्वतःला फसवायला बसला की किती हुशार होतो. त्या चिपवर मी लेखही लिहिला नाही, हाच काय तो माझा सभ्यपणा. ती माझ्या ड्रॉवरमध्ये पडून आहे.

अशी चार वर्षं गेली. गेल्या उन्हाळ्याच्या तोंडावर मला राहुरीच्या बाजूला एका तंत्रनिकेतनात प्रात्यक्षिक परीक्षेला बाहेरचा परीक्षक म्हणून बोलावलं. तिथं गेलो तर दारात ती. तिथं कंत्राटावर शिकवते, असं म्हणाली. माझ्या हातातली बॅग घेतली, बसायला खुर्ची दिली, घरच्यांची चौकशी केली. तिच्या वागण्यात कुठंही कडूपणा नव्हता आणि मला तेच सोसेना. परीक्षा सुरू झाली. एका मुलीची बारीक तार जोडणीतून निसटली, तिनं मॅडमना हाक मारली. ही जागची हलली नाही. तिनं कोपऱ्यातल्या शिपायांना बोलावलं आणि अगदी सहज म्हणाली, "हे तुम्ही लावून द्या. माझा हात चालत नाही बारीक कामाला." मुली हसल्या. एक म्हणाली, मॅडमच्या हातून काहीतरी तुटतंच. तीही हसली.

मुली गेल्यावर आम्ही गुणांचे कागद घेऊन शिक्षकांच्या खोलीत बसलो. तिथं मी सगळं सांगितलं. खंडेनवमी, ताट, झाकण, अल्कोहोल, लेपाचं खोटं, पावसाळ्यात आलेली नववी चिप. मधे थांबलो असतो तर पुन्हा बोलू शकलो नसतो, म्हणून थांबलो नाही. ती टेबलावरच्या कागदांकडे बघत ऐकत होती.

मग तिनं विचारलं, "एकोणीसच्या एकोणीस?"

"एकोणीसच्या एकोणीस."

"आणि थेंब?"

"सारखे," मी म्हणालो. "तू आकडेमोडीत काढलं होतंस त्याच मापाचे."

तिनं मान हलवली. मी म्हणालो की विद्यापीठाला लेखी देतो, चूक माझी होती म्हणून सही करून देतो, नव्यानं नोंदणी करू. ती म्हणाली, नोंदणी कधीच रद्द झाली, आणि आता शाळेतल्या पोरासारखी माफीची चिठ्ठी कुणाला देणार. मग तिचा आवाज बदलला आणि ती तिच्या घरच्या बोलीत बोलायला लागली. "डिग्रीचं जाऊ द्या, सर. घरात कप फुटला, दूध उतू गेलं, तरी मी म्हनायचे, ह्यो हातच तसला. आई आता मला भांड्याला हात लावू देत न्हाई. म्हनती, तुज्याच्यानं सांडतंय. आणि खरंच सांडतंय, सर. पयलं न्हवतं सांडत."

मी माफी मागितली. शब्द नीट आले नाहीत. तेवढ्यात शिपाई चहाचा ट्रे घेऊन दारात आले. ती उठली, ट्रेमधला एक कप तिनं उचलला आणि माझ्याकडे यायला निघाली. खरं काय ते कळून तिला दहा मिनिटं झाली होती. तिनं कप दोन्ही हातांनी धरला होता, नजर कपाच्या काठावर, एकेक पाऊल मोजून. कप अर्धाच भरलेला होता, तरी तो माझ्यासमोर टेबलावर टेकेपर्यंत तिनं श्वास सोडला नाही.